जुन्या जर्मन चित्रपटांच्या गोष्टी : दरबानाचा कोट, मास्तरांची कॉलर आणि खांद्यावरचा 'एम'

रानजाई

जुन्या जर्मन चित्रपटांचा विषय निघाला की बोलणं लगेच सावल्या, वाकड्यातिकड्या भिंती आणि कॅमेऱ्याकडे वळतं. ते सगळं खरंच आहे, पण त्यातल्या गोष्टी फारसं कोणी सांगत नाही आणि मला तर त्या गोष्टींनीच धरून ठेवलंय. तीन गोष्टी मी सांगते, बाकीच्या तुम्ही सांगा. शेवटासकट लिहिणार आहे. ज्यांना आधी चित्रपट बघायचेत त्यांनी इथेच थांबावं.

पहिली 'डेर लेट्स्टे मान', म्हणजे 'शेवटचा माणूस'. १९२४ चा मूकपट, दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाउ, लेखक कार्ल मायर. 'अटलांटिक' नावाच्या बड्या हॉटेलच्या दारात एक म्हातारा दरबान उभा असतो. भूमिका एमिल यानिंग्सची. चकचकीत गुंड्यांचा लांबलचक कोट, दाट मिश्या, चालण्यात सेनापतीचा रुबाब. राहतो मात्र गरिबांच्या वस्तीत, दाटीवाटीच्या खोल्यांमध्ये. पण त्या कोटामुळे अख्खी वस्ती त्याला सलाम करते. एका पावसाळी रात्री गाडीच्या टपावरची जड ट्रंक उतरवताना त्याला धाप लागते, तो आत जाऊन घटकाभर टेकतो, आणि नेमकं तेवढंच मॅनेजरच्या नजरेला पडतं. दुसऱ्या दिवशी कामावर येतो तर फिरत्या दारातून तसाच कोट घातलेला दुसरा दरबान बाहेर येतो. याची रवानगी तळघरातल्या स्वच्छतागृहात होते. लोकांना टॉवेल द्यायचे, कपडे झटकायचे. आपल्यात अजून जोर आहे हे दाखवायला तो मॅनेजरसमोर पुन्हा ट्रंक उचलायला जातो आणि कोसळतो. कोट अंगातून काढून घेतात तेव्हा एक गुंडी तुटून खाली पडते.

घरात त्याच दिवशी लग्न असतं. कोटाशिवाय वस्तीत शिरायचं कसं? म्हातारा रात्री हॉटेलातून आपलाच कोट चोरतो, घालून घरी जातो, मिरवतो, पितो, आणि स्वप्नात ती ट्रंक एका हातानं झेलतो. दुसऱ्या दिवसापासून कोट रेल्वे स्टेशनच्या सामानघरात ठेवायचा, दिवसभर तळघरात राबायचं आणि संध्याकाळी कोट चढवून घरी. मग घरातली एक बाई कौतुकानं गरम डबा घेऊन हॉटेलवर येते आणि त्याला तळघराच्या दारात बघते. बातमी खिडकीतून खिडकीत पोचते. संध्याकाळी तो परततो तेव्हा अख्खी वस्ती हसत असते. ते हसणं मूकपटात ऐकू येत नाही आणि तरी कानावर हात ठेवावेसे वाटतात.

दुसरी 'डेर ब्लाउए एंगल', 'निळी परी' म्हणू या. १९३०, दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्ग. मूळ कादंबरी हाइनरिख मान यांची, १९०५ ची. इथेही यानिंग्सच. या वेळी तो करड्या शिस्तीचा शाळामास्तर आहे, प्राध्यापक इमान्युएल राट. पोरं मागून त्याच्या नावाची घाणेरडी मोडतोड करतात. पोरांकडे लोला लोला नावाच्या गाणारीचे फोटो सापडतात, त्यांना रंगेहाथ पकडायला मास्तर त्या कॅबरेत जातो आणि स्वतःच अडकतो. लोला म्हणजे मार्लेन डीट्रिख. नोकरी जाते, लग्न होतं. लग्नाच्या जेवणावळीत जादूगार त्याच्या नाकातून अंडी काढतो, लोला कोंबडीसारखी कुकुक करते आणि मास्तर खुशीत येऊन कोंबड्यासारखा आरवतो. सगळे हसतात, तोही हसतो.

पुढची वर्षं स्टर्नबर्गनं एका छोट्या गोष्टीत सांगितली आहेत. लोलाचे केस कुरळे करायचा चिमटा किती तापलाय ते बघायला मास्तर कॅलेंडरची पानं फाडून त्यावर टेकवतो. पान जळतं, दिवस जातो, पुढचं पान. शेवटी १९२९. 'माझ्याकडे पैसे आहेत तोवर हे फोटो विकले जाणार नाहीत' असं म्हणणारा माणूस आता तेच फोटो टेबलाटेबलावर जाऊन विकत असतो. मग मंडळी त्याच्याच गावी परततात. विदूषकाची मोठी कॉलर आणि खोटं नाक लावून त्याला रंगमंचावर उभं करतात, समोर त्याचे विद्यार्थी, नगराध्यक्ष, सगळं गाव. जादूगार डोक्यावर अंडी फोडतो आणि म्हणतो, आरव. पडद्याआड लोला दुसऱ्याच्या मिठीत आहे. तेव्हा त्याच्या गळ्यातून जो आवाज निघतो तो आरवणं नाही आणि किंकाळीही नाही. मी तो प्रसंग पुन्हा बघायचं टाळते. त्या रात्री तो चालत आपल्या शाळेत जातो आणि वर्गातल्या टेबलाची कड धरून मरतो. शाळेच्या रखवालदाराला ती पकड सोडवता येत नाही.

तिसरी 'एम', १९३१, फ्रिट्झ लांग. त्यांचा पहिला बोलपट. बर्लिनमध्ये कोणीतरी लहान मुलींना मारतंय. सुरुवातीला चौकात मुलं गोल करून उभी आहेत आणि काळ्या माणसाचं गाणं म्हणत एकेकाला बाद करतायत. वर एक आई कपडे धुतेय, घड्याळात बारा वाजतात, ती एल्सीचं ताट मांडते. एल्सी रस्त्यावर चेंडू खांबावर आपटत खेळतेय आणि खांबावर खुन्यासाठी लावलेलं बक्षिसाचं पत्रक आहे. त्या पत्रकावर एक सावली पडते. 'काय छान चेंडू आहे तुझा!' पुढे आंधळ्या फुगेवाल्याकडून फुगा, आणि एका शिट्टीची धून. मग आई जिन्यात हाका मारते, आणि लांग फक्त रिकामा जिना दाखवतात, माळ्यावर वाळत घातलेले कपडे, न हललेलं ताट. झुडपातून चेंडू घरंगळत येतो. फुगा तारांत अडकतो आणि सुटून जातो. खून दिसतच नाही.

पोलीस रात्रंदिवस धाडी घालतात, त्यामुळे चोर-दरोडेखोरांचा धंदा बसतो, म्हणून गुन्हेगारच ठरवतात की याला आपण पकडायचा. शहरातल्या भिकाऱ्यांना चौक वाटून देतात, कोण कुठे बसणार याची रीतसर नोंद होते. फुगेवाला आंधळा ती शिट्टी ओळखतो. एक पोरगा आपल्या तळहातावर खडूनं 'एम' काढतो आणि अडखळल्याचं सोंग करून त्या माणसाच्या खांद्यावर हात मारतो. एम म्हणजे मोर्डर, खुनी. त्याला ते कळतही नाही. सोबत असलेली छोटी मुलगी सांगते, 'काका, तुमच्या कोटाला काहीतरी लागलंय', आणि तो आरशात मान वळवून बघतो. पेटर लोरेचे ते डोळे!

शेवटी एका बंद पडलेल्या दारूभट्टीत गुन्हेगारांचं न्यायालय भरतं. तिथे हा हान्स बेकर्ट ओरडून सांगतो की तुम्ही चोऱ्या करता कारण तुम्हाला करायच्या असतात, मला मात्र स्वतःपासून पळताच येत नाही.

या तिन्ही गोष्टींत जग माणसाला त्याच्या अंगावरच्या वस्तूवरून ओळखतं. कोट गेला की दरबान कोणी नाही. कॉलर चढली की प्राध्यापकाचा विदूषक होतो. खडूचा शिक्का बसेपर्यंत खुनी गर्दीतला एक गुबगुबीत साधा माणूस असतो. कथेचं वजन एवढ्याशा गोष्टीवर तोलून धरायचं धाडस या लोकांनी केलं. हे मला फार मोठं वाटतं.

बोरीबंदर

छान लिहिलंय. दुसरी गोष्ट वाचताना मराठी माणसाला 'पिंजरा' आठवणारच. व्ही. शांताराम, १९७२. डॉ. श्रीराम लागू आणि संध्या. मूळ तीच, मास्तर आणि नाचणारी. पण आपल्या मंडळींनी शेवट पार बदललाय आणि तो बदल मला मूळ चित्रपटाच्या तोडीचा वाटतो.

राट मास्तराला गाव हसतं, कारण गाव त्याला ओळखतं. 'पिंजरा'त उलट आहे. गुरुजी मेले असं गाव समजतं, दुसऱ्याच्याच प्रेताला गुरुजींचे कपडे असतात. गाव त्यांचा पुतळा उभारतं. आणि खरे गुरुजी तमाशाच्या फडाबरोबर फिरत असताना स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली पकडले जातात. 'मीच तो' म्हणाले तर सुटतील, पण मग गावानं ज्या माणसाकडे बघून दारू सोडली, भांडणं सोडली तो माणूसच खोटा ठरेल. म्हणून ते शिक्षा पत्करतात. तुमच्या मुद्द्यात हे चपखल बसतं. इथेही ओळख कपड्यांवरूनच ठरते, फक्त कपडे प्रेताच्या अंगावर आहेत.

रानजाई

बोरीबंदर, हे फार नेमकं सांगितलंत. त्यात एक भर घालते. हाइनरिख मान यांच्या कादंबरीत मास्तर असा वर्गात जाऊन मरत नाही. तो बाईच्या मदतीनं जुगाराचा अड्डा काढतो, गावातल्या प्रतिष्ठितांना त्यात ओढतो, त्यांचं वाटोळं करून सूड घेतो आणि शेवटी अटक होते. म्हणजे कादंबरीत सूड, जर्मन चित्रपटात मरण आणि मराठीत त्याग. एकाच गोष्टीचे तीन शेवट, आणि तिन्ही आपापल्या जागी पटतात.

सदाशिव_पेठी

'लेट्स्टे मान'चा शेवट तुम्ही सांगितलाच नाही! हसण्यावर थांबलात. पुढे म्हातारा रात्री कोट परत ठेवायला जातो, रात्रीचा पहारेकरी त्याला बघतो आणि काही न बोलता स्वतःचा कोट त्याच्या अंगावर घालतो. गोष्ट तिथे संपते. आणि मग अख्ख्या चित्रपटातली मजकुराची एकमेव पाटी पडद्यावर येते. तिचा आशय असा की खऱ्या आयुष्यात या म्हाताऱ्याला आता मरणाचीच वाट बघायची असती, पण लेखकाला दया आली आणि त्यानं एक न घडण्याजोगा शेवट जोडला. पुढे कळतं की एक लक्षाधीश स्वच्छतागृहात या म्हाताऱ्याच्या हातांत मेला, आणि मृत्युपत्रात लिहिलेलं होतं की मी ज्याच्या हातांत मरेन त्याला माझी सगळी संपत्ती. मग दरबान आणि पहारेकरी त्याच हॉटेलात बसून पोटभर जेवतात.

मला हा शेवट मान्य नाही. एवढी उभी केलेली शोकांतिका एका लॉटरीनं पुसून टाकायची?

रानजाई

मी मुद्दाम ठेवला होता, कोणीतरी काढेल म्हणून. मला तो शेवट पुसणारा वाटत नाही. पाटी स्पष्ट सांगते की हे खोटं आहे. खोटं आहे हे सांगून दिलेला आनंद बघताना घशाशी येतो. आणि त्या जेवणात म्हातारा काय करतो ते बघा. तळघरात आता दुसरा म्हातारा कामाला आहे, त्याला तो जवळ घेतो, खायला घालतो. बाहेर पडताना भिकाऱ्याला गाडीत घेतो. कोटाच्या रुबाबात असताना हा माणूस वस्तीच्या सलामीतच खूश होता. तळघर बघून आल्यावर त्याला तळघरातला माणूस दिसायला लागला. हा बदल लॉटरीनं झालेला नाही.

सदाशिव_पेठी

दुसऱ्या म्हाताऱ्याचा मुद्दा मान्य. तरी मुर्नाउ यांनी पहारेकऱ्याच्या कोटावर थांबायला हवं होतं असंच मी म्हणेन.

केवडा

'कॅलिगरी'शिवाय हा धागा अपुरा आहे, म्हणून लिहिते. 'डास काबिनेट डेस डॉक्टर कॅलिगरी', १९२०, दिग्दर्शक रॉबर्ट वीने, लेखक हान्स यानोविट्स आणि कार्ल मायर. म्हणजे वर दरबानाची गोष्ट लिहिणारे तेच मायर.

फ्रान्सिस नावाचा तरुण बाकावर बसून गोष्ट सांगतोय. होल्स्टेनवाल गावात जत्रा भरते. डॉ. कॅलिगरी नावाचा म्हातारा परवाना काढायला कचेरीत जातो, उंच स्टुलावर बसलेला कारकून त्याला तुसडेपणानं ताटकळत ठेवतो, आणि त्याच रात्री त्या कारकुनाचा खून होतो. जत्रेत कॅलिगरी एका पेटीतून झोपेत चालणारा चेसारे बाहेर काढतो. लोकांनी भविष्य विचारायचं. फ्रान्सिसचा मित्र ॲलन हसत हसत विचारतो, 'मी किती दिवस जगेन?' उत्तर येतं, 'पहाटेपर्यंत.' पहाटे ॲलन मेलेला सापडतो. पुढे चेसारेला फ्रान्सिसच्या प्रेयसीला, जेनला, मारायला पाठवतात, तो सुरा उगारतो आणि थांबतो, तिला उचलून छपरांवरून पळतो. माग काढत फ्रान्सिस वेड्यांच्या इस्पितळात पोचतो, तर तिथला प्रमुख म्हणजेच कॅलिगरी!

इथे गोष्ट संपली असती तर ती सत्तेविरुद्धची गोष्ट झाली असती. पण शेवटी कळतं की फ्रान्सिस स्वतःच त्या इस्पितळातला रुग्ण आहे, जेन आणि चेसारेही तिथेच आहेत. प्रमुख डॉक्टर शांतपणे म्हणतात की आता याला कसं बरं करायचं ते मला कळलं.

चित्रपट-अभ्यासक सिगफ्रीड क्राकाउअर यांनी १९४७ च्या 'कॅलिगरीपासून हिटलरपर्यंत' या पुस्तकात यावरच सगळी मांडणी उभी केली. लेखकांना हुकूमशाही उघडी पाडायची होती, वेड्याच्या तोंडून गोष्ट सांगण्याची ही बाहेरची चौकट वरून लादली गेली आणि बंडखोर गोष्ट आज्ञाधारक झाली, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं आपण जर्मन चित्रपटांकडे अजूनही याच चष्म्यातून बघतो.

तिसरी_घंटा

केवडा, क्राकाउअर यांच्या मांडणीला एक मोठा धक्का नंतर बसला. कॅलिगरीचं काम करणारे वेर्नर क्राउस यांच्याकडची मूळ पटकथेची प्रत मिळाली आणि पुढे छापली गेली. त्यात चौकट आहेच! फक्त वेगळी. तिच्यात फ्रान्सिस आणि जेन यांचं लग्न होऊन ते सुखात आहेत आणि घरी आलेल्या पाहुण्यांना जुनी हकीकत सांगतायत. म्हणजे 'लेखकांची निखळ गोष्ट आणि वरून लादलेली चौकट' इतकं ते सरळ नव्हतं.

आणि मला प्रेक्षक म्हणून असं वाटतं की डॉक्टरचं शेवटचं वाक्य अजिबात दिलासा देत नाही. गोष्ट वेड्याची ठरली तरी भिंती वाकड्याच राहतात, इस्पितळाचं ते अंगणही तसंच चितारलेलं आहे. कोण शहाणा ते चित्रपट सांगतच नाही.

केवडा

पटकथेचं माहीत आहे. तरी जी चौकट पडद्यावर आली तिनं गोष्ट सांगणाऱ्यालाच वेडा ठरवलं, सुखी संसारातून सांगितलेल्या गोष्टीनं ते केलं नसतं. माझा आक्षेप तेवढाच आहे. अंगणाचा मुद्दा मात्र घेतला, पुन्हा बघताना तिकडे लक्ष देईन.

बेळगाव_ते_बर्लिन

'एम' आला तर थेआ फॉन हार्बू यांचं नाव यायला हवं. लांग यांच्या पत्नी आणि 'मेट्रोपोलिस', 'एम' या दोन्हींच्या पटकथेत त्यांचा हात. त्यांचा आपल्याकडचा धागा फार जणांना माहीत नसतो. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे आयी गणपत तेंडुलकर बर्लिनमध्ये शिकायला आणि पत्रकारिता करायला होते. लांग-हार्बू यांचा घटस्फोट १९३३ मध्ये झाला आणि त्यानंतर हार्बू आणि तेंडुलकर यांनी गुपचूप लग्न केलं, कारण नाझी राजवटीत असं लग्न उघड करणं शक्य नव्हतं. महायुद्धाच्या आधी तेंडुलकर भारतात परतले आणि पुढे इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या मुलीनं, लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी, या सगळ्यावर पुस्तक लिहिलंय.

हेही सांगायला हवं की याच हार्बू नाझी पक्षाच्या सदस्य होत्या. लांग देश सोडून गेले, त्या राहिल्या. कौतुक करताना ते झाकू नये.

भरती_ओहोटी

'मेट्रोपोलिस'ची गोष्ट लिहा ना कोणीतरी. मी पूर्वी बघितला तेव्हा अर्धा कळलाच नव्हता. तो शास्त्रज्ञ मालकावर एवढा का चिडलेला असतो?

बेळगाव_ते_बर्लिन

भरती_ओहोटी, न कळण्याचं कारण चित्रपट कापलेला होता हे आहे. वर मालक, खाली जमिनीच्या पोटात कामगार. मालक फ्रेडरसनचा मुलगा फ्रेडर, मारियाच्या मागे खाली जातो आणि यंत्राला माणसं बळी जाताना बघतो. मारिया कामगारांना धीर धरा म्हणते. शास्त्रज्ञ रोटवांग तिच्या चेहऱ्याची यंत्रबाई बनवतो, ती कामगारांना भडकवते, ते यंत्रं फोडतात आणि त्यांच्याच मुलांच्या वस्तीत पाणी शिरतं.

पण रोटवांग हे का करतो? कारण हेल. रोटवांगचं तिच्यावर प्रेम होतं, तिनं लग्न फ्रेडरसनशी केलं आणि फ्रेडरला जन्म देताना ती गेली. रोटवांगनं तिचा पुतळा घरात ठेवलाय आणि यंत्रबाई तो मुळात तिच्यासाठी करतोय. अमेरिकेत दाखवताना हेलचं सगळं प्रकरण काढून टाकलं, कारण ते नाव इंग्रजीतल्या नरकासारखं ऐकू येतं! नाव काढलं, प्रेम गेलं, सूड गेला, आणि शास्त्रज्ञ उगाचच वेडा उरला. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिमीची प्रत सापडली, ओरखड्यांनी भरलेली पण जवळजवळ पूर्ण. त्यातून सुमारे २५ मिनिटं परत मिळाली आणि २०१० मध्ये ती आवृत्ती बर्लिनला दाखवली. बघायची तर तीच बघा. फ्रेडरशी कपडे बदलणारा ११८११ नंबरचा कामगार आणि मालकाचा हेर यांची पूर्ण गोष्ट त्यात आहे. अंगावरच्या कपड्यांनी माणूस बदलतो हे इथेही आहे बघा, रानजाई.

रानजाई

आहेच! ११८११ ला फ्रेडरचे कपडे आणि खिशातले पैसे मिळतात आणि तो सांगितलेल्या पत्त्यावर न जाता थेट रंगमहालाकडे जातो. दिवसभर यंत्राचे काटे ओढलेल्या माणसाचं ते वागणं मला अगदी खरं वाटलं.

मुक्काम_म्युनिक

कोटाच्या यादीत १९५६ चा 'डेर हाउप्टमान फॉन क्योपेनिक', म्हणजे 'क्योपेनिकचा कप्तान', घाला. दिग्दर्शक हेल्मुट कॉयट्नर, भूमिका हाइन्झ र्‍यूमान, आधार कार्ल त्सुकमायर यांचं नाटक, आणि त्याच्याही मागे खरी घटना. ऑक्टोबर १९०६.

विल्हेल्म फोइग्ट हा तुरुंगातून सुटलेला चांभार. काम मिळवायला राहण्याचा परवाना लागतो आणि परवाना मिळवायला काम लागतं. या टेबलावरून त्या टेबलावर फिरून थकलेला हा माणूस जुन्या बाजारातून लष्करी कप्तानाचा गणवेश विकत घेतो. रस्त्यानं जाणाऱ्या शिपायांना थांबवतो आणि ते मुकाट त्याच्या मागे येतात. क्योपेनिकच्या नगरपालिकेत जाऊन नगराध्यक्षाला अटक करतो. कोणीही कागद मागत नाही. त्याला स्वतःला मात्र तिथे फक्त एक पासपोर्ट हवा असतो, आणि कळतं काय, तर पासपोर्टचं खातं त्या कचेरीत नाहीच! मग तिजोरीतले पैसे घेऊन तो निघून जातो. खऱ्या फोइग्टला चार वर्षांची शिक्षा झाली होती, १९०८ मध्ये कैसरनं, म्हणजे जर्मन सम्राटानं, माफी दिली.

मी इथे राहायला आल्यावर परवान्यांसाठी रांगेत उभा राहिलोय, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातला एकेक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. र्‍यूमान कुठेही ओरडत नाही. टोपी हातात धरून दर वेळी तोच प्रश्न तितक्याच नम्रपणे विचारतो, आणि ते बघताना राग आपल्याला येतो.

तिसरी_घंटा

भिकाऱ्यांची संघटना 'एम'मध्ये आहे तशीच त्याच वर्षीच्या दिग्दर्शक पाब्स्टच्या 'ड्राइग्रोशनओपर'मध्येही ('तीन पैशांचा ऑपेरा') आहे, जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून. पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'मुळे ती गोष्ट आपल्याकडे ओळखीची आहे. चित्रपटाचा शेवट नाटकापेक्षा वेगळा होतो. दरोडेखोर मॅकी तुरुंगात असताना त्याची बायको पॉली आणि टोळी मिळून चक्क बँक काढतात, आणि चोर, भिकाऱ्यांचा म्होरक्या आणि पोलीसप्रमुख तिघं एकाच धंद्यात येतात. ब्रेख्त निर्मात्यांविरुद्ध कोर्टात गेले आणि हरले. मला तरी बँकेचा तो शेवट ब्रेख्तच्या विचाराला धरूनच वाटतो.

केवडा

युद्धानंतरचं कोणीच काही लिहिलं नाही. १९४६, 'डी म्योर्डर झिंड उंटर उन्स', 'खुनी आपल्यातच आहेत'. दिग्दर्शक वोल्फगांग श्टाउड्ट. बर्लिनच्या खऱ्याखुऱ्या ढिगाऱ्यांत चित्रित झालेला. सुझाने छळछावणीतून घरी परतते (हिल्डेगार्ड क्नेफ), तर तिच्या घरात डॉ. मेर्टेन्स नावाचा दारूत बुडालेला सर्जन राहतोय. खिडक्यांना काचा नाहीत, तिथे क्ष-किरणांच्या फिल्म लावल्यात. त्याचा जुना कप्तान ब्र्यूकनर जिवंत आहे असं कळतं. १९४२ च्या नाताळात यानंच पोलंडमध्ये १२१ निरपराधांना गोळ्या घालायचा हुकूम दिला होता. आता तो सज्जन कारखानदार आहे, लष्कराच्या लोखंडी टोपांपासून स्वयंपाकाची भांडी बनवतो!

मेर्टेन्स त्याला मारायला ढिगाऱ्यात नेतो, तेवढ्यात एक आई डॉक्टर शोधत येते, मुलीला श्वास घेता येत नाहीये. तो शस्त्रक्रिया करून मुलीला वाचवतो. पुढे नाताळात पुन्हा पिस्तूल घेऊन निघतो, तेव्हा सुझाने अडवते, की न्याय आपण करायचा नाही. तो म्हणतो, पण आरोप तर केलाच पाहिजे. मूळ पटकथेत तो गोळी घालणार होता, सोविएत अधिकाऱ्यांनी ते बदलायला लावलं.

'एम'चं आधीचं नावही जवळजवळ हेच होतं, 'मोर्डर उंटर उन्स'. आणि 'एम'च्या पुढच्या नशिबाबद्दल लिहायलाच हवं. पेटर लोरे ज्यू, १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. १९४० मध्ये नाझींनी 'डेर एविगं युडं' ('चिरंतन ज्यू') या ज्यूद्वेषी प्रचारपटात दारूभट्टीतला त्यांचा तोच कबुलीचा प्रसंग उचलून वापरला, जणू तो ज्यूंच्या स्वभावाचा पुरावा असावा. नटाच्या कामाचा इतका नीच वापर दुसरा मला माहीत नाही.

बोरीबंदर

हे माहीत नव्हतं. वाचून सुन्न झालो.

भरती_ओहोटी

सगळं वाचलं, आता यादी करून बघायला घेणार. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्याबरोबर बघता येईल असं यातलं काही आहे का?

मुक्काम_म्युनिक

'एमिल उंड डी डिटेक्टिव्ह', म्हणजे 'एमिल आणि गुप्तहेर', १९३१. डोळे मिटून लावा. एरिख केस्टनरच्या पुस्तकावरून, पटकथा बिली वाइल्डरची, हे पुढे हॉलिवुडात गाजलेले तेच. एमिल आगगाडीनं बर्लिनला आजीकडे निघालाय, आईनं दिलेले पैसे त्यानं खिशात टाचणीनं टोचून ठेवलेत. डब्यातला एक टोपीवाला त्याला गुंगीची गोळी देतो आणि पैसे पळवतो. एमिल पोलिसांकडे न जाता त्याच्या मागावर निघतो, रस्त्यात भोंगा घेतलेला गुस्टाव्ह भेटतो आणि बघता बघता अख्ख्या बर्लिनमधली पोरं चोराच्या मागे लागतात. चोर बँकेत नोटा मोडायला जातो तेव्हा एमिल म्हणतो, या माझ्या आहेत, बघा टाचणीची भोकं! चोर झालेले फ्रिट्झ रास्प म्हणजे 'मेट्रोपोलिस'मधला मालकाचा हेर आणि 'ड्राइग्रोशनओपर'मधला भिकाऱ्यांचा म्होरक्या.

'एम' आणि हा एकाच वर्षाचे, दोन्ही बर्लिनच्या रस्त्यांवरचे. तिथे लहान मुलीच्या मागे एक माणूस, इथे एका माणसाच्या मागे शंभर मुलं. एमिलचं काम करणारा रोल्फ वेंकहाउस १९४२ मध्ये युद्धात मारला गेला. हे मुलीला आधी सांगू नका, तिला आधी पाठलागाची मजा घेऊ द्या. गाडीतल्या गुंगीच्या स्वप्नाचा भाग थोडा भीतीदायक आहे, तेवढा वेळ शेजारी बसा. सबटायटल वाचायला लागतील, पण पोरांच्या टोळीचं काय चाललंय ते भाषेशिवायही कळतं.

भरती_ओहोटी

धन्यवाद. शनिवारी लावते आणि तिला कसा वाटला ते इथेच लिहिते.